गळ्यातली पाटी आणि विद्यापीठाची पदवी

दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आम्ही टेबल टाकून बसतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, जे काही भरायचे असेल ते भरून देतो. आठवडाभर कचेरीत कारकुनी आणि रविवारी वस्तीत कारकुनी, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे.

अशाच एका रविवारी गिरणी कामगाराचा एक नातू आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी काय काय लागते ते विचारायला आला होता. त्याने मोबाईलवर आयर्लंडमधल्या एका विद्यापीठाची विषयांची यादी उघडली आणि मोठ्याने वाचू लागला. अर्थशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य, आणि मग एकदम ‘केल्टिक भाषा व संस्कृती’. तो थबकला. “काका, हे काय असतं?” आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही बी.कॉम. झालेले, जमाखर्चाचे माणूस. बाकावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “असलं शिकून पोट भरतं का रे?” सगळे हसले. आम्हीही हसलो.

पण घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या अर्थी एवढी मोठी विद्यापीठे हा विषय शिकवतात, त्या अर्थी त्यात काहीतरी असलेच पाहिजे. पुढचे काही महिने कचेरीतून सुटल्यावर मिळेल ते वाचले. वाचता वाचता एका जागी असे अडखळलो की आमच्या मेलेल्या आजीची आठवण येऊन डोळे भरून आले. ते पुढे सांगूच. आधी हे केल्टिक म्हणजे कोण ते पाहू.

सहा भाषांचे एक कुटुंब

युरोपच्या पश्चिम टोकाला, समुद्राच्या कडेकडेने सहा भाषा आहेत. आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची गेलिक, आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन या छोट्या बेटाची मँक्स, ही एक शाखा. वेल्स प्रांताची वेल्श, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलची कॉर्निश, आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेटन, ही दुसरी शाखा. या सहा जणी मिळून केल्टिक कुटुंब होते. एके काळी या कुटुंबातल्या भाषा फ्रान्स, स्पेन आणि थेट तुर्कस्तानाच्या मध्यापर्यंत बोलल्या जात. रोमन साम्राज्य आले, मग इतर राज्ये आली, आणि या भाषा मागे सरत सरत समुद्राला जाऊन टेकल्या.

आज त्यांची स्थिती काय? वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे लिहिले, म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. १९०१ साली हेच प्रमाण शंभरात पन्नास होते. आयर्लंडमध्ये २०२२ साली सुमारे १८ लाख ७३ हजार लोकांनी आयरिश येते असे सांगितले, पण शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे फक्त ७२ हजारांच्या आसपास. स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे ७० हजार. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या वस्तीत याहून जास्त माणसे राहतात!

गळ्यातली पाटी

या भाषा आपोआप आटल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत एक लाकडी पाटी असे. तिच्यावर ‘वेल्श नॉट’ या शब्दांची आद्याक्षरे कोरलेली. वर्गात जे मूल आपली घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्या मुलाने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडले की पाटी त्याच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना जिच्या गळ्यात ती असेल त्या पोराला शिक्षा. म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची! आयर्लंडमध्ये गळ्यात काठी बांधत आणि आयरिश शब्द तोंडून निघाला की तिच्यावर एक खाच पाडत. संध्याकाळी खाचा मोजून छड्या. ब्रिटनीमध्येही पोरांच्या गळ्यात अशीच एखादी खूण लटकवत.

आम्हाला सर्वांत जास्त टोचले ते वेगळेच. ही पाटी काही सरकारी कायद्याने आलेली नव्हती. मास्तर वापरत, आणि पुष्कळ आईबापांची त्याला संमती असे. का? तर इंग्रजी आली की नोकरी मिळेल, पोर खाणीतून सुटेल. आईबाप दुष्ट नव्हते, गरीब होते.

सरकारने मात्र दुसरे एक काम केले. १८४६ साली वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला तीन इंग्रज अधिकारी पाठवले. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याचे अहवाल छापले. त्यात शाळा वाईट आहेत हे लिहिले, ते खरेच होते. पण त्याबरोबर हे लोकच अडाणी, यांच्या बायका नीतिभ्रष्ट, आणि या सगळ्याचे मूळ यांची भाषा, असेही ठरवून टाकले. वेल्समध्ये आजही त्या प्रकाराला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. आयर्लंडमध्ये त्याच सुमारास, १८४५ पासून, बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. मेलेल्यांत आणि गेलेल्यांत पश्चिमेकडचे आयरिश बोलणारे गरीब शेतमजूर फार होते. भाषा बोलणारी तोंडेच गेली, मग भाषा कशी राहणार?

मान भाषेला, अपमान बोलणाऱ्याला

याच शतकात युरोपातल्या पंडितांना मात्र या भाषांची गोडी लागली. त्याची एक सुरुवात आपल्या देशातच झाली, हे वाचून आम्हाला नवल वाटले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने भाषण केले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, आणि केल्टिकचेही मूळ बहुधा तेच असावे. या जोन्सचे वडील मूळचे वेल्समधल्या अँगल्सी बेटाचे. गणितात वर्तुळासाठी ‘पाय’ ही खूण आपण शाळेत शिकतो, ती पहिल्यांदा वापरणारे ते हेच वडील.

पुढे १८५३ साली योहान कास्पर त्सॉइस या जर्मन विद्वानाने केल्टिक भाषांचे भक्कम व्याकरण लिहिले. त्याने ते कशावरून लिहिले? हजार-बाराशे वर्षांपूर्वी आयरिश साधू युरोपभर गेले होते. लॅटिन ग्रंथ शिकताना अवघड ओळींच्या मधल्या जागेत ते बारीक अक्षरात आपल्या भाषेत अर्थ लिहून ठेवत, अगदी आपली पोरे इंग्रजीच्या पुस्तकात पेन्सिलीने मराठी लिहितात तसे! स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटलीतल्या ग्रंथालयांत ती पाने टिकली. जुन्या आयरिशचे पुष्कळसे ज्ञान आज जगाला आहे ते या विद्यार्थ्यांच्या टिपणांमुळे. एका पानाच्या कडेला तर एकाने, काल फार प्यायल्यामुळे आज डोके उठले आहे, अशा अर्थाचा शब्द गुप्त लिपीत लिहून ठेवला आहे! माणूस सगळीकडे सारखाच.

इंग्लंडमध्ये मॅथ्यू आर्नल्ड या नामांकित साहित्यिकाने ऑक्सफर्डला व्याख्याने दिली आणि केल्टिक साहित्याच्या अभ्यासासाठी अध्यासन हवे असे मांडले. १८६७ साली त्यांचे पुस्तक निघाले. पण याच गृहस्थांचे मत असे, की रोजच्या व्यवहारातून वेल्श भाषा जितक्या लवकर जाईल तितके बरे. म्हणजे भाषा काचेच्या कपाटात ठेवायची, पण तिच्या बोलणाऱ्या मजुराने ती बोलायची नाही! मान भाषेला आणि अपमान बोलणाऱ्याला, हा प्रकार आपण ओळखतो.

तरी अध्यासन झाले, १८७७ साली. त्यावर पहिला प्राध्यापक बसला तो कोण? जॉन ऱ्हीस. वेल्समधल्या पोंटरविड गावचा, शिशाच्या खाणीत काम करणाऱ्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आधी खेड्यातल्या शाळेत मास्तर होता, मग शाळा तपासनीस झाला. ज्याची मातृभाषा अडाण्यांची म्हणून छापले गेले होते, तोच ऑक्सफर्डात तिचा आचार्य झाला.

पेनी पेनी करून

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ती सांगतो.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचे गाव आहे. तिथे रेल्वे येणार म्हणून एकाने समुद्राकाठी भव्य हॉटेल बांधायला घेतले आणि तो बुडाला. विद्यापीठासाठी झटणाऱ्या मंडळींनी ती इमारत दहा हजार पौंडांत घेतली. ऑक्टोबर १८७२ मध्ये तिथे कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी किती? सव्वीस. सरकारी अनुदान नाही. पहिली दहा वर्षे हे कॉलेज चालले ते लोकांच्या वर्गणीवर. १८७५ साली एक रविवार ‘विद्यापीठाचा रविवार’ म्हणून ठरला आणि गावोगावच्या प्रार्थनामंदिरांतून झोळी फिरली. दगडखाणीतले मजूर, कोळसा खाणीतले कामगार, शेतगडी, मोलकरणी यांनी पेनी पेनी टाकली. ज्यांची स्वतःची पोरे कॉलेजात जातील याची खात्री नव्हती, त्यांनी टाकली. त्याच वर्षी या कॉलेजात वेल्श भाषेचा प्राध्यापक नेमला गेला.

पुढे १९०७ साली याच गावासाठी वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय मंजूर झाले. १९२१ साली वेल्श शब्दकोशाचे काम सुरू झाले. चिठ्ठीवर एक एक शब्द, तो कुठे सापडला, कोणत्या साली, असे टिपत टिपत कोशाची पहिली आवृत्ती पुरी झाली २००२ साली. एक्क्याऐंशी वर्षे! ज्यांनी सुरुवात केली त्यांपैकी कुणी शेवट पाहिला नसेल. आम्ही कचेरीत एक फाईल तीन महिने रखडली की वैतागतो.

आयर्लंडची कथा वेगळी. १८९९ साली तिथे शाळांत आयरिश शिकवावे की नाही याची चौकशी चालली होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी साक्ष दिली, की आयरिश साहित्यात मुलांना शिकवण्याजोगे काही नाही. गंमत ही, की ॲटकिन्सन स्वतः जुन्या आयरिश हस्तलिखितांचे अभ्यासक! डग्लस हाइड यांनी त्यांना उत्तर दिले आणि युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांची पत्रे चौकशीपुढे ठेवली. विषय शाळेत राहिला. १९१३ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्रवेशासाठी आयरिश आवश्यक झाले, आणि १९३८ साली तेच डग्लस हाइड आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

ॲटकिन्सन यांच्या हाताखाली संस्कृत शिकलेला एक आयरिश विद्यार्थी पुढे हिंदुस्थानात अधिकारी म्हणून आला, तो म्हणजे जॉर्ज ग्रियर्सन. भारतातल्या भाषांची जी थोरली पाहणी त्याने केली, तिचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला. वऱ्हाडी, कोकणी अशा बोलींचे नमुने त्यात जसेच्या तसे छापलेले आहेत.

वर्गात काय शिकवतात?

आज आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, ऑक्सफर्ड, केंब्रिज, जर्मनीत बॉन, अमेरिकेत हार्वर्ड, कॅनडात नोव्हा स्कोशिया अशा कित्येक ठिकाणी हा विषय शिकता येतो. विद्यार्थी एखादी जिवंत भाषा बोलायला शिकतो आणि तिचे हजार वर्षांपूर्वीचे रूप वाचायला शिकतो. जोडीला इतिहास, जुने कायदे, कथा, हस्तलिखिते आणि दगडांवरचे लेख. चौथ्या ते सातव्या शतकातली ओघम नावाची लिपी आहे. दगडाच्या कडेवर नुसत्या आडव्या-तिरक्या रेघा, पाच पाचचे गट. तीही वाचायला शिकवतात.

भाषा सोपी नाही. आपल्या मराठीत शब्दाची शेपटी बदलते, ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. वेल्शमध्ये शब्दाचे तोंडच बदलते! डोक्याला ‘पेन’ म्हणतात. ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ या दोन्हींना शब्द एकच, ‘इ’. मग कळायचे कसे? ‘इ बेन’ म्हटले की त्याचे डोके, ‘इ फेन’ म्हटले की तिचे. ‘माझे डोके’ म्हणायचे तर ‘व म्हेन’. नवा विद्यार्थी शब्दकोशात ‘बेन’ शोधत बसतो आणि सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतो.

पण मराठी माणसाला काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सरळ शब्दच नाहीत, क्रियापदानेच उत्तर द्यायचे. आपणही “जेवलास का?” विचारल्यावर “जेवलो” म्हणतोच. वेल्श दाताला ‘दांत’ म्हणतात. सातला ‘साइथ’, नऊला ‘नाउ’, दहाला ‘देग’. आणखी एक पाहा. वेल्शमध्ये ‘दे’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, उजवा हात आणि दक्षिण दिशा. आपल्याकडे ‘दक्षिण’ या शब्दाचेही हेच दोन अर्थ! कारण एकच. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला दक्षिण येते. हजारो मैलांवरची माणसे, पण उभी राहिली ती एकाच दिशेला तोंड करून.

आजीचा हिशेब

आणि मग आम्ही आकड्यांपाशी आलो.

वेल्श, आयरिश, ब्रेटन या भाषांत जुनी मोजणी विसाच्या पटीत चालते. चाळीस म्हणजे दोन विसा. साठ म्हणजे तीन विसा, वेल्शमध्ये ‘त्रिगाइन’. पासष्ट म्हणजे पाच आणि तीन विसा. आयरिशमध्ये विसाला ‘फिहे’ म्हणतात, आणि पंडित सांगतात की हा ‘फिहे’ आणि आपला ‘वीस’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत.

हे वाचले आणि आमच्या हातातले पुस्तक खाली राहिले.

आमची आजी परभणीकडची. आई कामावर जायची, म्हणून आम्हाला वाढवले आजीने. ती गवऱ्या थापून विकायची आणि विसांनी मोजायची. “येक विसा, दोन विसा, तीन विसा आन् पाच.” बोटे झरझर चालत आणि हिशेब कधी चुकत नसे. आम्ही तिच्या मांडीवर बसून तसेच मोजायला शिकलो. शाळेत गेलो. मास्तरांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि वाचायला सांगितले. आम्ही मोठ्या आवाजात म्हणालो, “तीन विसा आन् पाच!” सारा वर्ग हसला. मास्तर म्हणाले, “हा कुठला जंगली हिशेब?” त्यांनी गळ्यात पाटी अडकवली नाही. गरजच पडली नाही. ती आम्ही स्वतःच अडकवून घेतली.

त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही आजीवर ओरडलो. “तुला मोजता येत नाही, पासष्ट म्हण, पासष्ट!” ती काही बोलली नाही. पण त्यानंतर आमच्यासमोर तिने कधी मोठ्याने मोजले नाही, ओठातल्या ओठात मोजायची. आम्ही शिकलो, बी.कॉम. झालो, आकड्यांवरच पोट भरले. आजी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. आणि आज कळते, की ज्या मोजणीची आम्हाला लाज वाटली तिच्यासारखीच मोजणी दूरदेशीच्या विद्यापीठांत पदवीचे विद्यार्थी वही घेऊन शिकतात. आजी अडाणी नव्हती. अडाणी आम्ही होतो.

जुने ते सगळे सोने नव्हे

मात्र वाचकहो, जुने आहे म्हणून सगळे डोक्यावर घ्यावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही, आणि या विषयाचे चांगले प्राध्यापकही तसे शिकवत नाहीत.

सातव्या-आठव्या शतकातले आयरिश कायदे मोठे वाचनीय आहेत. त्यात प्रत्येक माणसाला ‘तोंडाची किंमत’ असे, म्हणजे त्याचा अपमान झाला तर किती भरपाई द्यायची तो दर. राजाची जास्त, शेतकऱ्याची कमी, गुलामाची काहीच नाही. राजा हातात कुऱ्हाड किंवा फावडे घेऊन काम करताना दिसला तर त्याची किंमत उतरून सामान्य माणसाइतकी होई. श्रमाची लाज किती जुनी आहे पाहा! आणि किंमत मोजायचे एक माप होते ‘कुमल’. साधारण तीन दुभत्या गाई म्हणजे एक कुमल. पण ‘कुमल’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? गुलाम बाई. बाई हे चलन होते. गोड दंतकथा आणि वीरांच्या गोष्टी वाचताना हेही वाचावे लागते.

त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. नवऱ्याने मारून अंगावर व्रण उठवला, पोसले नाही किंवा बदनामी केली, तर बायकोला सोडचिठ्ठी घेता येत असे. आधुनिक आयर्लंडमध्ये घटस्फोटाला मान्यता मिळायला १९९५ चे सार्वमत उजाडावे लागले.

आणि उपोषण! मोठ्या माणसाकडून आपले येणे वसूल होत नसेल तर गरिबाने त्याच्या दारात उपाशी बसायचे. उपोषणाकडे काणाडोळा करून तो आत जेवला तर त्याला दुप्पट भरावे लागे. आपल्याकडचे धरणे हेच. सर हेन्री मेन या कायदेपंडिताने १८७५ साली आयर्लंडचे उपोषण आणि हिंदुस्थानातले धरणे यांची तुलना केली. मेन पूर्वी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. त्याच पदावर पुढे व्हिटली स्टोक्स हे आयरिश गृहस्थ आले. दिवसा हिंदुस्थानचे कायदे लिहायचे आणि फावल्या वेळात जुन्या आयरिश पोथ्या संपादित करायच्या. कारकुनी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, फावल्या वेळातही मोठे काम होते!

वंशाच्या नावाने या विषयात विषही कालवले गेले. बर्लिनमध्ये केल्टिकचे प्राध्यापक युलिउस पोकॉर्नी होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि पोकॉर्नी यांचे पूर्वज ज्यू निघाले म्हणून त्यांना शिकवण्यापासून दूर केले, पुढे पद काढून घेतले. त्यांची विद्या पाहिली नाही, जन्म पाहिला. १९४३ मध्ये ते स्वित्झर्लंडला निसटले आणि पुढे आपला प्रचंड शब्दव्युत्पत्तिकोश पुरा केला. आज संस्कृतचा आणि मराठीचा अभ्यासकही तो उघडतो.

पोट भरते का?

आता बाकावरच्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर देऊ.

वेल्समध्ये भरते. १९६७ आणि १९९३ साली तिथे भाषेचे कायदे झाले, १९८२ साली वेल्श दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली, आणि २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे व्हावेत असे तिथल्या सरकारने ठरवले आहे. त्यामुळे शिक्षक, भाषांतरकार आणि वार्ताहर लागतात. आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा २००७ साली झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून तिला पूर्ण दर्जा मिळाला, म्हणून तिथेही भाषांतरकारांना काम आहे. लढून हक्क मिळवला तिथे भाकरी आली, एवढे स्पष्ट दिसते. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात आयरिश ही पहिली राजभाषा आहे. हे तेच संविधान, ज्यातली मार्गदर्शक तत्त्वे पाहून आपल्या संविधानात चौथा भाग आला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आयर्लंडचा तसा उल्लेखही केला होता.

सगळीकडे मात्र असे नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट विद्यापीठात केल्टिकची जुनी परंपरा होती. २०२४ साली त्या विद्यापीठाने पैशांची तंगी सांगून जे काही पदवी अभ्यासक्रम बंद करायचे जाहीर केले, त्यांत केल्टिकही होते. विद्यार्थी कमी, म्हणून खर्च परवडत नाही. हिशेबाची भाषा आम्हाला कळते. पण जमाखर्चाच्या वहीत ज्याला रकाना नसतो ते फुकट असते असे नव्हे.

म्हणून कर्ज काढून हा विषय शिकायला जा, असे आम्ही कुणाही गरिबाच्या पोराला सांगणार नाही. घरात चूल पेटायची असेल तर आधी तिचा विचार. पण ज्याला भाषेची गोडी आहे, ज्याला शिष्यवृत्ती मिळते, त्याने “असलं आपल्यासाठी नसतं” म्हणून यादी मिटू नये.

“मग आम्ही कोणत्या भाषेत लिहितोय?”

शेवटी मँक्स भाषेची गोष्ट. आइल ऑफ मॅनवर ही भाषा लहानपणापासून बोलणारा शेवटचा माणूस नेड मॅड्रेल नावाचा मच्छीमार, १९७४ साली वारला. पण त्याआधी १९४८ मध्ये आयर्लंडहून ध्वनिमुद्रणाची गाडी आली होती आणि नेडसारख्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे तबकड्यांवर उतरवून ठेवले होते. गावातले काही तरुणही त्यांच्या घरी जाऊन बसत, बोलणे शिकत. त्यातून भाषा टिकली. २००१ साली बेटावर मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा उघडली. २००९ साली युनेस्कोने आपल्या यादीत मँक्स ‘मृत’ अशी नोंद केली. तेव्हा त्या शाळेतल्या पोरांनी युनेस्कोला मँक्समध्ये पत्रे लिहिली. विचारले, आमची भाषा मेली आहे, तर हे पत्र आम्ही कोणत्या भाषेत लिहितोय? युनेस्कोला नोंद बदलावी लागली.

हे आम्ही वाचनालयात वाचून दाखवले त्या रविवारी तो गिरणी कामगाराचा नातूही होता. त्याने अर्ज भरला आहे तो सार्वजनिक आरोग्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण जाताना तो म्हणाला, “काका, माझी आजी आहे अजून. ती पण विसानंच मोजते.”

आम्ही त्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. म्हातारी आधी लाजली. “मला येड्यागत मोजाया येतं, पोरं हासत्यात.” आम्ही म्हटले, “आजी, कोणी हसणार नाही. मोजा.” नातवाने मोबाईल चालू केला. तिने ताटातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि मोजायला लागली. एक विसा, दोन विसा. नाती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कोणी हसले नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींची अशीच पाहणी गावोगाव केली आहे. पण प्रत्येक आजीपर्यंत कॉलेज कसे पोचणार? तिथे नातवानेच पोचायचे.

आमच्या आजीपुढे आम्ही वेळेवर बसलो नाही. ती बाकी आमच्या खात्यावर कायमची राहिली. वाचकहो, तुमच्या घरातली आजी अजून मोजत असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. तिला दुरुस्त करू नका. नुसते ऐका आणि लिहून ठेवा.